सुभेदाराची पंचमी

मी फौजेतून हवालदार म्हणूनच परतलो. सुभेदार झालं ते माझं मांडूळ. बहात्तरच्या दुष्काळात जतजवळ तलावाचं काम चालू होतं. तिथं कुदळीच्या घावातून वाचवून मी त्या सापाला घरी आणलं, अर्ध्या पिंपात वाळू भरून ठेवलं आणि नाव दिलं सुभेदार. लोक हसले. हसोत बापडे. लढाईवरून आल्यापासून माझ्या अंगात सारखं काहीतरी पळत असतं, एका जागी बसू देत नाही. सुभेदाराला हातात घेतलं की ते थांबतं. एवढ्यासाठीच तो मला हवा होता.

घरात आम्ही दोघंच, मी आणि आई. सुभेदाराचे नियम मी कवायतीसारखे पाळायला लावले. पंधरा दिवसांनी एक उंदीर, तोही मारून. जिवंत सोडला तर उंदीरच त्याला चावतो. खाल्ल्यावर पाच दिवस त्याला उचलायचं नाही, नाहीतर खाल्लेलं ओकून टाकतो. आई त्याला कधीच हात लावत नसे. मांडूळ चाटलं की बोटं झडतात, ही तिची पक्की समजूत. दोन वर्षं समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्या साली कात टाकायच्या नादात सुभेदार महिनाभर उपाशी राहिला आणि भुकेला झाला तो नेमका नागपंचमीला. त्या दिवशी आमच्याकडे चिरायचं नाही, तळायचं नाही, खणायचं नाही. मग मारायचं कुठलं? उद्या बघू म्हणून मी रानात गेलो. पण मन लागेना. दुपारच्या आतच परतलो.

आई पिंपाशी बसली होती. हातात चुलीचा चिमटा, तोंडावर हसू.

"केरबा, जेवला रं तुजा सुभेदार!"

"काय घातलंस, आये?"

"उंदीर. म्या न्हाई मारला. धोंडिरामाच्या कणगीमागं मेलेलाच गावला. देव उपाशी आन आपुन दिंडं खायाची व्हय?"

मेलेलाच? मग मेला कशानं? तसाच शेजारी धावलो. धोंडिराम दारातच होता.

"आरं गड्या, परवाच उंदराचं औशिद ठिवलंय कणगीखाली. लय मेलं."

परत येऊन आईवर ओरडलो, "इख घातलंस त्येला! मारलंस!" त्या ओरडण्याची मला अजून लाज वाटते.

मी सुभेदाराला उचललं. ज्या नियमासाठी आईला धारेवर धरत आलो, तोच आता मोडायचा होता. विष अंगात भिनायच्या आत त्यानं ते ओकायला हवं होतं. उलटापालटा केला, हलवला, ओसरीवर येरझाऱ्या घातल्या. पण त्याला माझ्या हातांची सवय. मनगटाला वेढा घालून तो गप्प पडून राहिला. पोटातला फुगवटा जागचा हलेना. मला रडू कोसळलं.

"दे हिकडं," आई म्हणाली.

"आये, तुजी बोटं..."

"झडूंदेत."

तिचे हात लटलट कापत होते. असे भ्यालेले, अनोळखी हात त्याला ठाऊक नव्हते. तो वळवळला, हिसडे देऊ लागला. त्याची जीभ तिच्या बोटांवरून फिरली. आईनं डोळे गच्च मिटले, पण पकड सोडली नाही. आणखी दोन हिसडे, आणि उंदीर तिच्या सणाच्या लुगड्यावर पडला.

मग नुसतं पाणी ठेवायचं आणि वाट बघायची. सुभेदार वाळूत शिरला तो बाहेर येईना. मी दिवसभर पिंपाभोवती फिरत होतो; जेवण नको, झोप नको. नवव्या दिवशी सकाळी वाळू हलली आणि त्याचं डोकं वर आलं. आईला सांगायला मी आत धावलो.

ती खिडकीपाशी उभी होती. उजेडात हात धरून एकेक बोट दाबून बघत होती. नऊ दिवस ती रोज हेच करत असणार.

मला बघून तिनं हात पदराखाली घेतले.

"जिता हाय न्हवं?"

"हाय, आये."

"मग हूंदे काय व्हायचं ते," ती म्हणाली आणि चुलीकडं वळली.