लुगड्याचा कुडता

जुन्या कपड्यांचं नवं करून देणारं अ‍ॅप वर्षाराणीनं बनवलं, तेव्हा त्यातल्या चौदा प्रश्नांच्या फॉर्मचा तिला फार अभिमान होता. गिऱ्हाइकानं कापडाचा प्रकार, वीण, मापं भरायची आणि शाहूपुरीतल्या शमशादचाचींनी शिवून द्यायचं, असा बेत होता.

चाची तिसऱ्याच प्रश्नावर अडकल्या. फोन मशीनवर ठेवत म्हणाल्या, "वर्षा, एवढं सांगता येणारी बाई घरीच शिवंल की. माझ्याकडं कशाला ईल?"

वर्षाराणीला राग आला. तरी दुसऱ्या दिवशी ती दुकानात स्टूल टाकून बसली. दोन दिवसांत एकाही बाईनं विणीचं नाव काढलं नाही. "आईची साडी हाय, पदर चांगला हाय, खालनं विरलीया," एवढंच सांगायच्या. चाची कापड दारातल्या उजेडात धरायच्या, ताणून बघायच्या, की काय शिवायचं ते ठरलेलं.

तिनं फॉर्म काढून टाकला. तीन महिन्यांचं काम होतं ते. त्या जागी राहिला उजेडात काढलेला फोटो आणि दाबून बोलायचं एक बटण.

आठवड्यानं पहिला निरोप आला. "मुरगूडची अंबूबाई बोलतीया. इरकल लुगडं हाय, लेकाच्या लग्नातलं. डॉक्टर म्हणत्यात रोज चाला, आन् नऊवारीत भराभर चालवत न्हाय. त्याचा कुडता करा. चष्म्याला खिसा पायजे. लोक हसत्याल, हसूद्यात."

चाचींनी ते दोनदा ऐकलं. "हिला खिसे दोन देऊ," म्हणाल्या.

अंबूबाईंच्या भाच्याच्या हाती लुगडं आणि मापाचं जुनं पोलकं आलं. काठ गळ्याला लावावा असं वर्षाराणीचं म्हणणं. "टोचंल तिला," म्हणत चाचींनी तो बाह्यांना आणि खालच्या घेराला लावला. जोडीला साधी सलवार शिवली.

घ्यायला मात्र अंबूबाई स्वतःच एसटीनं आल्या. पडद्याआड कपडे बदलून आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग हळूच दोन्ही हात खिशात घातले.

"सत्तर वर्सांत मला खिसा न्हवता बघा," त्या म्हणाल्या.

अंगावरचा कुडता त्यांनी उतरवलाच नाही. नेसून आलेलं लुगडं पिशवीत भरलं आणि स्टँडकडं चालत गेल्या.

त्या आठवड्यात मुरगूडहून आणखी चार निरोप आले, सगळे अंबूबाईंसोबत सकाळी चालणाऱ्या बायकांचे. वर्षाराणीनं ते एकेक करून लावले. चाची भाकरी खात ऐकत होत्या. मधेच अर्धी भाकरी मोडून त्यांनी तिच्यापुढं केली.