पंचाच्या घरची बकरी

शंकरपटाच्या आदल्या दिवशी धाड गावच्या अर्जुनरावांचा गडी बुलढाण्याला आमच्या परसात एक दुभती बकरी बांधून गेला. माझ्या बाळाला म्हशीचं दूध पचत नव्हतं. पाजलं की उलटी. कुणी, का दिली, याचा विचारच केला नाही. धार काढली, पाणी घालून उकळलं, पाजलं. बाळ झोपलं तरी मी त्याच्या पोटावर हात ठेवून बसून राहिले. उलटी झाली नाही.

संध्याकाळी हे कोर्टातून आले आणि बकरी पाहून दारातच थांबले.

“उद्याच्या पटात अर्जुनरावांची बैलजोडी धावणार आहे. पंच मी, घड्याळ माझ्या हातात. आणि तू बकरी ठेवून घेतलीस?”

चूक ध्यानात आली. पण कॉलेजात लागलेली वाद घालायची खोड काही जात नाही. “याला कलम कोणतं हो?”

“लाचेचं कलम सरकारी नोकराला. पटाचा पंच सरकारी नोकर नव्हे.”

“मग निवडणुकीत मत विकलं तर?”

“तो गुन्हा.”

“मत विकलं तर गुन्हा आणि शर्यत विकली तर काहीच नाही?”

“फसवणुकीचं कलम ओढूनताणून लावता येईल. नेमकं असं नाही.” हे हसले. “ज्यांनी कायदा लिहिला त्यांनी पट पाहिला नसावा. बकरी उद्या परत.”

“आणि बाळाच्या पोटात गेलेलं दूध?”

वकीलसाहेब हातपाय धुवायला मोरीकडे वळले.

सकाळी बैल जुंपलेल्या दमणीतून आम्ही धाडला निघालो. बाळ मांडीवर, बकरी माझ्या पायाशी. हिला सोडलं की बाळाला पुन्हा म्हशीचं दूध, एवढंच डोक्यात घोळत होतं.

पटावर अर्जुनराव बैलांच्या पाठीवर हात फिरवत होते. शेजारी रोहिणखेडचे अब्दुल गनी. खरी चुरस या दोघांच्याच जोड्यांत.

“अर्जुनराव,” मी विचारलं, “तुमची जोडी हरली तर ही बकरी परत न्यायची का?”

आजूबाजूचे लोक वळून बघू लागले.

“काय बोलता वैनी? लेकराले देल्ली म्या.”

“पंचाच्या लेकराले,” अब्दुल गनी म्हणाले. “लेकरं आमच्या घरी बी हायेत, भाऊ. तिकडं नाई आली कधी बकरी.”

लोक हसले. अर्जुनरावांचे कान लाल झाले. “मंग घडी दुसऱ्याच्या हाती द्या. माही जोडी काई बकरीच्या जोरावर नाई पयत.”

आमच्या यांनी तिथल्या तिथं घड्याळ गावच्या पोस्टमास्तरांच्या हातात दिलं. अर्जुनरावांनी बकरीच्या दाव्याला हात घातला.

“राहू द्या ना भाऊ,” अब्दुल गनी म्हणाले. “पंच गेला, आता लेकराचं दूध काऊन तोडता?”

अर्जुनरावांनी दावं सोडून दिलं.

जोडी त्यांचीच जिंकली. गुलालानं माखलेले ते दमणीपाशी आले. “वैनी, बकरी फुकटच गेली म्हना.”

“फुकट कशी? बाळ सकाळीही प्यायलं. पचलं.”

परतताना मी यांना विचारलं, “आता हिला कायद्यानं काय म्हणायचं?”

“बकरी,” हे म्हणाले.