विहारात वाचलेली बातमी

आमच्या प्रीतीचं लग्न झालं ते २००४ साल. मे महिन्यात ती सासरी गेली आणि घरात मी आणि माझा मुलगा राजेंद्र, दोघेच उरलो. त्याच वर्षी पावसाळ्यातल्या वर्षावासात बदलापूरच्या बेलवलीतल्या आमच्या बुद्धविहारात ग्रंथ वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी पन्नाशी उलटल्यावर साक्षरता वर्गात अक्षरं शिकले. वाचते हळू, पण खणखणीत. बायका म्हणायच्या, वेणूताईने वाचलं की डोक्यात शिरतं.

सगळी मंडळी जमेपर्यंत पेपरातलं काहीतरी वाचायची आमच्याकडे रीत होती. जुलैत एका संध्याकाळी मी वाचलं की बदलापुरात नवी फोन कंपनी आली आहे, एकाच तारेतून फोन आणि इंटरनेट देते, आणि लाइन कधीच बंद पडत नाही. जुना फोन परत करून आपण सुखी झालो, असं एका गृहिणीने सांगितलं होतं. तिचा फोटोही होता. ग्रंथ ज्या आवाजात वाचते त्याच आवाजात मी ते वाचलं. महिन्याभरात आमच्या चाळीतल्या आठही घरांनी सरकारी फोन परत केले.

त्यातलं एक घर सुंदराआक्काचं, माझ्या भिंतीला भिंत. नवरा कधीच गेलेला. एकुलता मुलगा शशिकांत मस्कतला वेल्डर. तिकडे शुक्रवारी सुट्टी, म्हणून त्याचा फोन शुक्रवारी संध्याकाळी यायचा. कामाची जागा बदलली की त्याचा कॅम्प बदलायचा, त्यामुळे त्याचा असा नंबरच नव्हता. त्याने करायचा आणि आक्काने उचलायचा. नवा नंबर तिने जुन्या फोनवरून त्याला सांगितला, दोनदा म्हणवून घेतला. त्यावर त्याचे दोन फोन आले. मग ऑगस्टच्या शेवटी आठही घरांचे फोन एकदम मुके झाले.

गणपतीच्या दिवसांत आक्काच्या पोटात पाणी झालं. डॉक्टरांनी राजेंद्रला बाजूला घेऊन सांगितलं, "लिव्हर गेलंय. मुलाला बोलावून घ्या."

बोलावणार कसं? राजेंद्र नाक्यावरच्या सिंधी शेठच्या दुकानातून कंपनीला फोन लावायचा. मी शेजारी उभी.

"सर, फोनला जोडलेल्या डब्यावरचा हिरवा दिवा लागतोय का?"

"लागतोय."

"मग तुमची लाइन चालू आहे."

"चालू आहे तर मी वाण्याच्या दुकानातून कशाला बोलू?"

"आमच्या कंप्युटरवर चालू दाखवतंय, सर. तक्रार बंद करू का?"

राजेंद्रने रिसीव्हर आपटला. शेठ म्हणाले, "अरे साईं, मशीन का क्या कसूर? आहिस्ता रख."

राजेंद्रने मोबाइल घेतला. पण तो नंबर शशिकांतला कळवायचा कोणी? शेवटी उल्हासनगरच्या एका सायबर कॅफेतून त्याने शशिकांतच्या कंपनीला ईमेल केला. दर दोन दिवसांनी उत्तर बघायला जायचा आणि मान हलवत परत यायचा. आक्का फोनपाशी सतरंजी टाकून पडलेली. रोज विचारायची, "वेणू, आज वार कुठला गं?"

जुलैतला तो पेपर मी जपून ठेवला होता. तो घेऊन मी अंबरनाथला पेपरच्या कचेरीत गेले. म्हटलं, तुम्ही छापलेली बातमी खोटी निघाली, आता खरी छापा. तिथल्या तरुण माणसाने पान बघितलं आणि वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"आजी, हे वाचा."

मुंगीएवढी अक्षरं होती. मी चष्मा वर-खाली करून वाचली. जाहिरात.

"म्हणजे ही बाई?"

"फोटो कंपनीने पाठवला. मजकूरही त्यांचाच."

"मग आता आमचं छापा. आठ घरांचे फोन बंद, एक बाई मरायला टेकलीय."

तो खाली बघत म्हणाला, "बुधवारी त्यांचं अख्खं पान आहे, आजी. तुम्ही वाचकांच्या पत्रांत लिहा. बघतो."

मी तिथेच बसून पत्र लिहिलं. आठवड्याने ते छापून आलं. आठ घरांऐवजी 'काही ग्राहक' झाले होते आणि कंपनीचं नावच नव्हतं.

त्या संध्याकाळी ग्रंथ उघडण्याआधी मी विहारात उभी राहिले. म्हटलं, "जुलैत मी वाचली ती बातमी नव्हती. पैसे देऊन छापलेली जाहिरात होती. मला फरक कळला नाही."

मागून जनूभाऊ म्हणाले, "मग वेणूताई, ह्या पुस्तकात पण कोपऱ्यात काय लिहिलंय का ते बघून घ्या."

दोन-चार जण हसले. मी पान उघडलं आणि वाचण्याआधी त्याचे कोपरे बघून घेतले.

घरी येऊन आक्काला सांगितलं. ती म्हणाली, "गप गं. तू वाचलं नसतंस तरी शशीने घ्यायला लावलाच असता. नव्याचा नाद आहे त्याला."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ईमेलचं उत्तर आलं. माणूस दुसऱ्या साइटवर आहे, निरोप पुढे पाठवला आहे. बस, एवढंच. निरोप पोचला का, कधी पोचला, काही नाही.

आठ तारखेला शुक्रवार होता. संध्याकाळी मी आक्काला चमच्याने पेज भरवत होते, आणि सव्वा महिना मुका असलेला तो फोन वाजला. माझ्या हातातली वाटी सांडली. आक्का कोपरावर उठली. मी रिसीव्हर तिच्या कानाला लावला.

"शशी! शशी, बाबा, कुठं हायस?"

तिकडून बाईचा आवाज आला, मलाही ऐकू येईल एवढा मोठा. "अभिनंदन! आमच्या सन्माननीय ग्राहकांसाठी खास योजना..."

आक्का मध्ये मध्ये म्हणत राहिली, "बाई, माझ्या शशीला द्या ना जरा. बाई, ऐका ना." तिकडची थांबेना. मी रिसीव्हर काढून घ्यायला गेले तर आक्काने घट्ट धरला. म्हणाली, "राहू दे. बोलून होईल तिचं, मग देईल."

बोलून झालं आणि फोन पुन्हा मुका झाला.

निरोप शशिकांतला रविवारी मिळाला. तो बुधवारी घरी पोचला. सुंदराबाई महिपती रोकडे सोमवारी, ११ ऑक्टोबर २००४ रोजी दुपारी, बेलवलीत राहत्या घरी कालवश झाली.