चारशे हिरव्या खुणा

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. माझं नाव कॉन्फटेस्ट. त्या मंगळवारी बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही, म्हणून तुमच्याशी बोलते आहे.

कॅनडातल्या कनाटा गावात, एका छोट्या कंपनीत माझा जन्म झाला. तिथे हॉस्पिटलच्या ऑक्सिजन मॉनिटरचा प्रोग्राम पायथन या संगणकभाषेत लिहीत. तो तपासणाऱ्या तीस फायली होत्या आणि प्रत्येकीत तीच तयारी पुन्हा लिहिलेली: खोटा रुग्ण, खोटा पलंग, ऑक्सिजनचा खोटा आकडा. तिथे काम करणाऱ्या, मूळच्या नागपूरच्या कादंबरीताईंनी ती सगळी गोळा करून एकदाच माझ्यात ठेवली. मग त्या तीस फायलींतल्या चारशे चाचण्या माझ्याच जिवावर धावू लागल्या. पास झाली की हिरवी खूण. जो तो माझं कौतुक करी, आणि मला ते आवडे.

पुढे मला उघडून पाहणंच थांबलं. सुरळीत चाललंय, मग कशाला हात लावा?

गेल्या हिवाळ्यात ताईंचा सहकारी जयदीप याची एक चाचणी, ऑक्सिजन घसरला की वाजणाऱ्या अलार्मची वाट बघत, रेंगाळू लागली. वैतागून त्याने माझ्यात एक ओळ घातली: खरा अलार्म तपासू नका, 'वाजला' असं समजा. ही ओळ आपोआप लागू होणारी होती, आणि माझ्यातलं असं काहीही सगळ्यांनाच लागू होतं. मी ती तीसही फायलींना वाटली. नंतर अलार्म खरोखर बिघडला, तरी चारशेच्या चारशे खुणा हिरव्याच.

मंगळवारी विनिपेगच्या एका हॉस्पिटलमधून फोन आला. एका आजींचा ऑक्सिजन सत्तर टक्क्यांवर घसरला आणि मॉनिटर मुका राहिला. नर्स सहज ब्लँकेट बदलायला आत गेली, म्हणून त्या वाचल्या.

कादंबरीताईंनी चाचण्या चालवल्या. हिरव्या. पुन्हा चालवल्या. हिरव्याच. शेवटी त्यांनी मला उघडलं, आणि ती ओळ त्यांना दिसली.

"ताई, ही मी टाकली," मागे उभा असलेला जयदीप म्हणाला. "मला वाटलं, फक्त माझ्याच टेस्टला अप्लाय होईल."

ताई म्हणाल्या, "तुझी ओळ रिव्ह्यू करायचं काम माझं होतं. न वाचता अप्रूव्ह केलं मी."

ओळ काढली. एकसष्ट चाचण्या लाल झाल्या. मग ताईंनी फोन उचलला आणि एकेका हॉस्पिटलला स्वतः चूक सांगितली. मॉनिटर दुरुस्त होईपर्यंत दोघांपैकी कोणी घरी गेलं नाही.

मित्रांनो, मी काही दुष्ट नव्हते. जे दिलं, ते मी इमानाने सगळ्यांना वाटलं. म्हणून सांगते, ज्याच्यावर सगळ्यांचा भार असतो, त्याचं कौतुक थोडं कमी केलंत तरी चालेल. त्याला वाचत मात्र जा.