बाइंडरच्या अंगठ्यातली पहारेकरीण

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही आणि नुसत्या डोळ्यांनी पाहूही शकणार नाही. मी एक जुनी भक्षक पेशी आहे. पुस्तके बांधणाऱ्या एका बाइंडरच्या उजव्या अंगठ्यात, कातडीच्या जरा खाली, माझे आयुष्य गेले. मेलेल्या पेशी गिळायच्या, केरकचरा उचलायचा आणि पहारा द्यायचा, हे माझे काम. अशा कामाला कोणी शाबासकी देत नाही. सगळे ठीक असते तोवर मी आहे हेही कोणाला ठाऊक नसते.

मला डोळे नाहीत. माझ्या अंगावर ग्राहक नावाची प्रथिने रोवलेली आहेत. ती चाचपून ओळखतात. हे आपले, हे परके.

गेल्या वर्षी बाइंडरची बायको गेली. तेव्हापासून तो घरी कमी आणि दुकानात जास्त बसू लागला. एका दुपारी जाडजूड शब्दकोश शिवताना त्याचा भोके पाडायचा टोचा हातातच उलटला आणि थेट माझ्या शेजारी घुसला. त्याने काय करावे? बाइंडर लोकांची जुनी खोड. जखम न धुता त्याने तिच्यावर पुठ्ठ्याला लावायची खळ थापली, वर कागदाची पट्टी चिकटवली आणि पुन्हा सुई हातात घेतली.

टोच्याबरोबर जिवाणू आत आले होते. त्यांच्या भिंतीचा एक तुकडा माझ्या ग्राहकाला लागला आणि माझ्या आत धावपळ उडाली. ग्राहकांच्या आतल्या टोकांशी निरोपी प्रथिने गोळा झाली. एकाने दुसऱ्याला फॉस्फेटचा ठिपका लावून जागे केले, दुसऱ्याने तिसऱ्याला. माझ्यात एक प्रथिन असे आहे, की त्याला दुसरे एक प्रथिन सदैव धरून ठेवते. निरोप तिथवर पोचला, तशी ती पकड मोडली गेली. सुटलेले प्रथिन तडक केंद्रकात शिरले आणि एरवी मिटलेली जनुकांची पाने त्याने उघडली. त्या पानांवर मदतीच्या हाका लिहिलेल्या होत्या. मी त्या चारी दिशांना सोडल्या.

हाक ऐकून जवळच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल झाल्या. पांढऱ्या पेशी झुंडीने आल्या, लढल्या आणि हजारोंनी मेल्या. अंगठा लाल झाला, तापला, सुजला. माझी हाक मेंदूपर्यंत गेली आणि बाइंडरला ताप भरला. इतके करूनही जिवाणू आम्हाला आवरेनात. वर खळीचे झाकण. पू जाणार कुठे? आतून मी जिवाच्या आकांताने ओरडत होते आणि हा गृहस्थ दुखणारा हात टेबलाखाली लपवत होता.

तिसऱ्या दिवशी त्याची मुलगी दुकानात आली.

"बाबा, डाव्या हातानं चहा का पिताय?"

"सवय लावून घेतोय."

"हात दाखवा."

"अगं, खळ लागलीय जराशी."

"जराशी? लिंबाएवढा झालाय अंगठा! आणि ही लाल रेघ मनगटापर्यंत गेलीय."

"चाळीस वर्षं हेच औषध लावतोय मी."

"त्यानं पुस्तकं बरी झाली असतील, बाबा. तुम्ही नाही." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आईला तरी सांगितलं असतंत का?"

"तिला सांगावं लागत नसे," तो म्हणाला.

"मला लागतं. मला सांगा."

तेव्हा कुठे त्याने हात पुढे केला.

दवाखान्यात नर्सने कोमट पाण्याने खळ सोडवली. डॉक्टरीणबाईंनी छोटी चीर देऊन पू काढला, औषधे लिहून दिली आणि त्या म्हणाल्या, "काका, पुस्तकं हवी तेवढी खळीनं चिकटवा, माझी हरकत नाही. जखम मात्र आधी धुवायची. आणखी दोन दिवस गेले असते, तर अंगठा वाचवणं अवघड होतं."

औषध आल्यावर जिवाणू हटले. मीही शांत झाले. ज्या पानांवर हाक लिहिलेली असते, त्यांच्याच शेजारी ती थांबवणारे प्रथिनही लिहिलेले असते. ते तयार झाले आणि त्याने सुटलेल्याला पुन्हा धरले. मग मी मेलेल्या सोबत्यांना एकेक करून उचलले आणि नव्या कातडीसाठी जागा केली. या कामाला आठवडे लागले.

मित्रांनो, आता मी थकले आहे. माझ्या जागी दुसरी पेशी येईल, तीही असाच पहारा देईल. तुमच्या अंगातही माझ्यासारख्या लाखो जणी आहेत. त्यांच्यासाठी एवढेच करा: जखम झाली तर ती स्वच्छ पाण्याने धुवा, आणि सूज वाढली, ठणका लागला, तर लपवू नका. आम्ही निरोप कातडीपर्यंत आणून पोचवतो. त्यापुढे तो न्यायला आम्हाला तोंड नाही. तोंड तुम्हाला आहे.

काल संध्याकाळी बाइंडरने फोन हातात घेतला. अंक दाबताना नवी कातडी जरा ताणली गेली, पण दुखली नाही.

"अगं, विशेष काही नाही," तो मुलीला म्हणाला. "गुडघा जरा दुखतोय. म्हटलं, सांगून ठेवावं."