ऑगस्टच्या फरकाचं कारण

चोंग-सायच्या हवामान केंद्राचा ऑगस्ट सरासरीपेक्षा एक पॉइंट चार अंशांनी गरम निघाला आणि केंद्राचा निरीक्षक एसेनकुल पुन्हा पुन्हा बेरीज तपासत बसला.

खोऱ्यातल्या बाकीच्या पाचही केंद्रांचा ऑगस्ट सरासरीला धरून, शहाण्या मुलासारखा वागला होता. याचाच तेवढा उंडारला. हवासुद्धा नेहमीपेक्षा कोरडी. महिन्याच्या आढाव्याच्या कागदावर अगदी तळाला 'फरकाचे कारण' असा एक रकाना असतो. अठ्ठावीस वर्षांत तो भरायची वेळ एसेनकुलवर आली नव्हती. त्याने तो कोरा ठेवूनच कागद नारिनच्या मुख्य कचेरीला पाठवला. चौथ्या दिवशी तोच कागद हातात घेऊन तपासनीस तुरात दारात हजर.

"बाइके, रागावू नका," चहाची वाटी खाली ठेवत तुरात थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाला. "वरून ठरलंय. कारण सापडलं नाही, तर केंद्र बेभरवशाचं धरायचं. मग माणूस काढायचा आणि यंत्र बसवायचं."

"यंत्र? फेब्रुवारीत कमरेएवढ्या बर्फातून थर्मामीटरच्या पेटीपर्यंत जाईल का तुझं यंत्र?"

"त्याला जावं लागत नाही, बाइके. ते तिथंच असतं."

दर तीन तासांनी उठून थर्मामीटर बघायचा आणि वहीत लिहायचं, एवढंच एसेनकुलने जन्मभर केलं होतं. थोरल्या मुलीच्या लग्नात जावयाला आशीर्वाद देता देता तो मध्येच उठला, तापमान बघून आला आणि उरलेला आशीर्वाद पुरा केला. अशा माणसाला बेभरवशाचा म्हणायचं म्हणजे काय! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तुरातसमोर त्याने ते नाकावाटे ओढून घेतलं.

तपासणी सुरू झाली. कुंपणाच्या आत, चार पायांवर उभी, झडपांची पांढरी पेटी. तिचा रंग ठीक. आतले दोन्ही थर्मामीटर ठीक. भोवतीचं गवत नियमाप्रमाणे कापलेलं. तुरातने सोबत आणलेला थर्मामीटर शेजारी सावलीत टांगला. दोन्हींत एका रेघेचाही फरक नाही.

"डोळे कसे आहेत तुमचे?" तुरातने चाचरत विचारलं.

"त्या डोंगरावर अकरा मेंढ्या आहेत. एक लंगडी. पुढे विचार."

तुरातने हात टेकले. त्याने पेन काढलं आणि आता तो 'यंत्र' हा शब्द लिहिणार, इतक्यात कुंपणाचं फाटक करकरलं. एसेनकुलची बायको बुर्माकान ताट घेऊन आत येत होती. धाकटीच्या बाळंतपणासाठी ती जुलैअखेर बिश्केकला गेली होती, ती परवाच परतली. महिनाभराचं साचलेलं काम आता तिच्या हाताखाली भराभर उरकत होतं.

"सरक रे बाळा," म्हणून तिने तपासनिसाला कोपराने बाजूला केलं, पेटी उघडली आणि थर्मामीटरच्या खाली ताट सारलं. ताटात कुरुत होतं. चक्क्याला मीठ लावून वळलेले, वाळवायचे गोळे, अजून ओले गच्च.

"एजे," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं तुरात म्हणाला, "हे काय?"

"कुरुत. तुझ्या आईने कधी केलं नाही?"

"केलं. पण इथे?"

"मग कुठे? छपरावर कावळे, पडवीत कुत्रा. इथे सावली आहे, चारी बाजूंनी वारा आहे, वर सरकारी कुंपण. आजवर सरकारने माझ्यासाठी केलेली ही एवढी एकच सोय."

तुरातने एसेनकुलकडे पाहिलं. एसेनकुलला त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही.

"दर उन्हाळ्यात असतं," तो म्हणाला. "नोंद घेताना मी एखादं तोंडात टाकतो."

तुरात तिथेच गवतावर बसून राहिला. तीन वाजता त्याने पेटी उघडली. बाहेरच्या थर्मामीटरपेक्षा आतला दीड अंशाने खाली उतरला होता.

दुधाच्या हंड्याला ओलं फडकं गुंडाळलं की दूध गार राहतं, हे एसेनकुलला लहानपणापासून ठाऊक होतं. ओलं कुरुतही पेटी तशीच गार करतं, हे डोक्यात शिरायला मात्र अठ्ठावीस वर्षं लागली.

"तुमच्या आधी केंद्रावर कोण होतं?" तुरातने हळूच विचारलं.

"सासरे."

"आणि कुरुत?"

"आईचं," बुर्माकान म्हणाली. "याहून आंबट असायचं."

म्हणजे केंद्र उघडल्यापासूनची ऑगस्टची सरासरी कुरुताची होती. खरा ऑगस्ट एकच, हा. आणि त्याचाच एसेनकुलने धसका घेतला होता.

"सगळं खोटं लिहिलं मी," तो पुटपुटला.

"खोटं नाही, बाइके. गार लिहिलंत. चूक कळली की हिशेबात दुरुस्त करता येते. यंत्र बसवायचं ते कारण न सापडलं तर," तुरात म्हणाला आणि त्याने कागद पुढे केला. "कारण मात्र तुमच्या हाताने लिहा. हवं तर थर्मामीटर जुना होता म्हणा. उगाच सासऱ्यांचं नाव कशाला?"

एसेनकुलने पेन घेतलं. थर्मामीटरवर आळ घ्यायला त्याचा हात धजेना. 'कुरुत नव्हते' असं लिहावं, तर ते का नव्हतं हे वरचे विचारणारच. त्याला तो ऑगस्ट आठवला. चहा एकट्याने प्यायचा. कुत्र्याशी बोलायचं. दुपार सरता सरत नव्हती, आणि हवा इतकी कोरडी की घशाखाली घास उतरेना. हे सगळं आपल्या मनाचे खेळ, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. वहीत तर ते आकड्यांनिशी उतरलं होतं.

त्याने सावकाश लिहिलं: 'पत्नी महिनाभर घरी नव्हती.'

तुरातने ते दोनदा वाचलं, खिशातून शिक्का काढला आणि हसू दाबत उमटवला. बुर्माकान नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिने रकाना वाचला, मग वरचा आकडा वाचला आणि कमरेवर हात ठेवले.

"अहो म्हातारबा, मी अख्खा महिना नव्हते, आणि फरक पडला तो एवढाच? एक पॉइंट चार?"