हात वर

छताखालची पट्टी रंगवायला उजवा हात सरळ वर जावा लागतो. माझा जाईना. रंगाऱ्याचा खांदा म्हणजे शेवटी बिजागरीच; बरीच वर्षं कुरकुरली आणि एक दिवस अडकली. डॉक्टरांनी आख्खा सांधाच बदलला. "सांधा नवा बसवलाय, पण हात किती वर जाईल ते तुमच्या व्यायामावर," असं म्हणून मोकळे झाले.

हात वर गेला नाही तर धंदा बसला, हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. खालची भिंत कोणीही रंगवतो. छताला ठिपकाही न लावता वरची पट्टी ओढावी ती मीच, असा माझा लौकिक.

घरी आलो तो हात गळ्यात अडकवूनच. झोपायचं अर्धवट बसून, शर्टाची बटणं बायकोने लावायची.

"लग्न झाल्यापासून स्वयंपाकघर रंगवा म्हणतेय, तर दर वेळी हात वर केलेत," बटण लावता लावता ती म्हणाली. "आता म्हणे हात वर होत नाही!"

मी हसलो आणि खांद्यातून कळ गेली. खोटं काय होतं त्यात? जगाच्या भिंती उजळल्या आणि आमच्या शेगडीमागे काळा डाग. दिव्याखाली अंधार तो हाच.

गळ्यातला पट्टा निघाल्यावर फिजिओ येऊ लागली. पोरगी आमच्या लेकीच्या वयाची, पण नजर सासूची. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, हा तिचा व्यायाम. त्यासाठी बायकोने भिंत नेमून दिली ती स्वयंपाकघरातली. "इथे कितीही डाग पडू देत, आधीच्यांना सोबत होईल," म्हणाली.

बोटं वरच्या फळीपाशी पोचली आणि तिथेच अडली. काही केल्या पुढे सरकेनात. एक दिवस मी ओरडलो, "बघ, फळीच्या वर!"

"काका, हात तिथेच आहे. टाचा वर गेल्यात," फिजिओ म्हणाली.

मी भडकलो. व्यायाम बंद म्हणून सांगितलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसलो. राग कसला, घाबरलो होतो मी.

संध्याकाळी बायको चहा घेऊन आली. "फिकट पिवळा रंग आणून ठेवलाय," ती म्हणाली. "एखादा चांगला रंगारी ओळखीचा आहे का हो?"

"दुसरा रंगारी? माझ्या घरात?"

"मग काय करू? तुम्ही तर हात टेकलेत."

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधीच मी भिंतीपाशी उभा होतो. टाचा जमिनीवर. काही आठवड्यांत बोटं हळूहळू फळीच्या वर सरकली, मग आणखी वीतभर वर गेली. डॉक्टरांनी हलक्या कामाला परवानगी दिली आणि मी पहिला ब्रश स्वयंपाकघरातच बुडवला.

वरची पट्टी शेवटी ठेवली होती. बायको स्टूल धरून उभी. श्वास रोखून पट्टी ओढली. छताला ठिपका नाही. खाली उतरलो तेव्हा माझेच डोळे भरून आले होते.

तिने भिंत निरखून पाहिली. "झकास. आता बाहेरची खोली कधी?"

जुनी खोड. मी चटकन दोन्ही हात वर केले.

आणि दोघंही बघतच राहिलो. उजवा हात डाव्याच्या बरोबरीने, सरळ वर.

"थांबा, खाली घेऊ नका," डोळे पुसत ती म्हणाली. "तुम्ही हात वर केलेले आज पहिल्यांदाच आवडले मला."